भावी उपजिल्हाधिकारी, मुक्काम देवपूर

१ जानेवारी

वर्षही नवीन, मीही नवीन. नवीन शालिग्राम नेहेते, एम.ए. (राज्यशास्त्र). आमच्या गावातला पहिला एम.ए. हे वर्ष आपलं आहे असं आतून वाटतंय.

संकल्प असे. पहाटे उठणे. मोबाईल फक्त चालू घडामोडींसाठी. भूगोल संपवून टाकणे. रोज डायरी लिहिणे, म्हणजे उद्या अधिकारी झाल्यावर कोणी ‘तुमचा प्रवास सांगा’ म्हणालं तर हाताशी मटेरियल असेल.

आज उठायला उशीर झाला. पण काल एकतीस तारीख होती, तेव्हा तो दोष मागच्या वर्षाचा.

४ जानेवारी

भूगोलाचं टाइमटेबल केलं. चार रंगांत. खूप वेळ गेला, पण पाया पक्का हवा. भूगोल उद्यापासून.

रूम पार्टनर विक्रम पावरानं विचारलं की तुझं गाव रावेरकडचं, जळगाव जवळ, मग तू इकडे धुळ्यात देवपूरला येऊन अभ्यास का करतोस. त्याला समजावून सांगितलं. जळगावात आमचे नातेवाईक फार. चौकाचौकात मावशी भेटते आणि ‘लागली का नोकरी’ विचारते. एकाग्रता भंगते. धुळ्यात मला कोणी ओळखत नाही. अधिकाऱ्याला एकांत लागतो.

विक्रम हो म्हणाला आणि पुस्तकात डोकं घातलं. तो शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचा. बी.एस्सी. बॉटनी. मुलगा चांगला आहे, पण व्हिजन नाही.

१२ जानेवारी

डिंपलचा फोन. माझी धाकटी बहीण, यंदा बारावी सायन्स. तिला पुढे जळगावला जाऊन संख्याशास्त्रात बी.एस्सी. करायचंय. विचारत होती की भाऊ, पुढे काय काय करता येतं. मी तिला उच्च शिक्षणाचा उगम, नालंदा, तक्षशिला इथपासून सांगायला घेतलं. तक्षशिलेपर्यंत आलो तेव्हा ती म्हणाली, भाऊ, माझा प्रॅक्टिकलचा अभ्यास राहिलाय, ठेवते.

तिला एवढं कळलं तरी पुष्कळ.

नानांचं मत वेगळं आहे. नाना म्हणजे आमचे वडील. ते म्हणतात, सावद्याकडचं स्थळ चालून आलंय, केळीची बाग आहे, घर चांगलं आहे, पोरीला आणखी शिकवून काय करायचं. आणि वर म्हणतात, नवीन एवढा शिकला, त्याचं काय झालं ते दिसतंच आहे.

‘दिसतंच आहे’ याचा अर्थ मी कौतुक असा घेतला. डिंपल म्हणाली, तसा नाहीये.

२ फेब्रुवारी

विक्रमनं वनरक्षकाचा फॉर्म भरला. पात्रता बारावी पास. मी त्याला तासभर समजावलं की पदवीधर माणसानं बारावीच्या परीक्षेला बसणं हा पदवीचा अपमान आहे. तो म्हणाला, पदवीनं अजून तक्रार केलेली नाही.

रोज पहाटे धावायला जातो. अलार्म त्याचा, झोप मोडते माझी. भूगोल मागे पडण्याचं मूळ कारण हे.

१७ फेब्रुवारी

महत्त्वाचा दिवस. शांतपणे लिहितो.

चौकातल्या करिअर अकॅडमीचे योगेंद्र सर. त्यांच्याकडे मी आधी दोन बॅच केल्या आहेत. आज त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा सांगितला आणि बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, तुझ्या चेहऱ्यात उपजिल्हाधिकारी आहे.

मला हे लहानपणापासून माहीत होतं. पण तज्ज्ञाच्या तोंडून ऐकणं वेगळं.

विषय असा की मार्चपासून नवीन ॲडमिशन सुरू होतात, चौकात मोठा बोर्ड लावायचा असतो आणि यंदा अकॅडमीचं कोणी निवडून आलेलं नाही. बोर्डवर एक चेहरा लागतो. मी विचारलं की सर, माझी तर निवड झालेली नाही. ते म्हणाले, म्हणून तर आपण ‘भावी’ लिहिणार आहोत.

यात गैर काय? भावी आमदार असतात, भावी सरपंच असतात, आमच्या गावात तर एक भावी चेअरमन गेल्या तीन निवडणुकांपासून भावी आहे. शिवाय अकॅडमीची अभ्यासिका मला कायमची खुली. त्यांनी कपाटातून कोट काढून दिला. बाह्या थोड्या लांब होत्या, पण फोटोत हात घेतलेले नाहीत.

विक्रमला सांगितलं. तो म्हणाला, विचार कर. त्याच्या विचारांची झेप मला माहीत आहे.

२४ फेब्रुवारी

बोर्ड लागला. प्रचंड आहे. मी लांबून पाहिला, जवळून पाहिला, रस्त्याच्या पलीकडच्या चहाच्या गाडीवरूनही पाहिला. ‘उपजिल्हाधिकारी’ हा शब्द बसमधूनही दिसेल असा. ‘भावी’ हा शब्द कॉलरच्या खाली, पुष्पगुच्छाच्या पानांत आहे. पण आहे. व्याकरणाच्या दृष्टीनं बोर्ड निर्दोष आहे.

घरमालक मोतीलाल आप्पा जिन्यात भेटले. म्हणाले, “बोर्डवर तूच शे ना रे? मंग आते खोली कसाले ठेवस?” खोली कशाला ठेवतोस म्हणजे, साहेब झालेल्या माणसानं त्यांच्या वरच्या मजल्यावर राहावं हे त्यांना बरं वाटत नसावं. मी हसलो. अशा वेळी मोजकं हसावं.

१ मार्च

आमच्या गावचं कोणीतरी शिरपूरला लग्नाला जाताना चौकातून गेलं. बोर्डचा फोटो काढला. गावाच्या ग्रुपवर टाकला.

आईचा फोन आला तेव्हा पेढे वाटून झाले होते. तिनं आधी गल्लीत वाटले, मग मारुतीला ठेवले, मग मला कळवलं. मी ‘भावी’ या शब्दाबद्दल तिला सांगणारच होतो. पण ती रडत होती. रडणाऱ्या आईशी व्याकरणावर बोलता येत नाही.

मग नानांनी फोन घेतला. नाना माझ्याशी फोनवर कधी बोलत नाहीत, ‘हं’ म्हणतात आणि आईकडे देतात. आज म्हणाले, “जेवला का?”

हो म्हणालो. नंतर पुस्तक उघडलं, मिटलं. अभ्यास झाला नाही. आनंदानंच बहुतेक.

८ मार्च

रिझल्ट लवकरच लागायचा आहे अशी कल्पना करून त्या दृष्टीनं वागायला लागलो आहे. मानसशास्त्रात याला काहीतरी नाव आहे. त्यामुळे पेढे हे खोटे नसून थोडे आधी वाटले गेलेले आहेत.

भूगोल: नकाशा भिंतीवर लावला.

२३ मार्च, गावी

माझ्या जुन्या शाळेत सत्कार. मुख्याध्यापक ज्ञानेश्वर सरांनी मला नववीत वर्गाबाहेर उभं केलं होतं. आज त्यांनीच शाल दिली. बारावीची परीक्षा संपलेली मुलंमुली मुद्दाम बोलावली होती.

‘पदवीचे महत्त्व’ या विषयावर बोललो. उत्तम झालं. उच्च शिक्षणानं दृष्टी व्यापक होते, माणूस कुठेही अडत नाही, असं सांगत असताना माइक बंद पडला आणि तो कसा चालू करायचा ते मला सापडेना. शिपायानं केला.

शेवटी प्रश्न. हेमांगी नावाची मुलगी उठली, डिंपलची मैत्रीण. तिनं विचारलं, “सर, तुमचं पोस्टिंग कुठे आहे?”

मी म्हणालो, “मी सध्या प्रक्रियेत आहे.”

टाळ्या. या उत्तराचा मला अभिमान आहे. त्यात एकही शब्द खोटा नाही. तिसऱ्या रांगेत डिंपल बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिचे हात दुखत असतील.

२३ मार्च, संध्याकाळी

हात दुखत नव्हते.

मागच्या अंगणात भांडी घासताना तिनं मला बोलावलं. मोबाईलवर बोर्डचा फोटो मोठा करून दाखवला. पानांच्या मधोमध ‘भावी’. मी तिला सगळं नीट समजावलं. चेहरा, कोट, अभ्यासिका. तिनं मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाली, नानांना सांगून टाक.

मी सांगायलाच निघालो होतो. पण ओट्यावर नाना सावद्याकडच्या मध्यस्थाला सांगत होते की आमचं यंदा राहू द्या. नवीनचं जमलं, शिक्षणाचं चीज झालं, आता पोरगी म्हणते तर तीही शिको.

मी तसाच परत फिरलो. डिंपलला म्हणालो की मी खरं सांगितलं तर तुझं कॉलेज जातं, आता बोल. ती राख लावलेला हात तसाच धरून बसली.

तेव्हा निर्णय घेतला. मी गप्प राहणार. स्त्रीशिक्षणासाठी एवढं मौन फार कमी लोकांनी पाळलं असेल.

२७ मार्च

धुळ्याला परत. एसटी एरंडोलला थांबली तेव्हा खाली उतरलो नाही. पदाचा विचार करायला हवा.

१० एप्रिल

गावातून अर्ज यायला लागले आहेत. कोणाचा रस्ता अडलाय, कोणाचं नाव उताऱ्यावर लागत नाही. सगळे फोटो काढून मोबाईलवर पाठवतात. मी प्रत्येकाला ‘लक्ष घालतो’ असं कळवतो. प्रशासनाचा इतका चांगला प्रत्यक्ष अनुभव दुसऱ्या कुठल्या उमेदवाराला मिळतोय?

सर्वांत जास्त फोन रुपचंद मामांचे. शेजाऱ्यानं त्यांचा बांध कोरला. त्यांना म्हणालो, फाइल मागवली आहे. मला वाटतं, पदावर असतो तर मागवली असती.

विक्रम धावण्यात पास झाला. लेखीही आधीच पास आहे म्हणे. मला बोलला नव्हता. मी विचारलं नव्हतं, असं तो म्हणतो.

२६ एप्रिल

ऊन फार. धुळ्यात या दिवसांत दुपारी मेंदू चालत नाही हे शास्त्रीय सत्य आहे. सकाळ कूलरचं पाणी भरण्यात जाते. संध्याकाळी बोर्डपर्यंत चक्कर.

बोर्डखाली दोन मुलं उभी होती. एकानं दुसऱ्याला सांगितलं की हा माणूस रोज अठरा तास अभ्यास करायचा. ऐकून मला स्वतःबद्दल आदर वाटला.

५ मे

बारावीचा निकाल. डिंपल कॉलेजात पहिली. आईनं कळवलं. नानांनी फोन घेऊन विचारलं की ते संख्याशास्त्र म्हणजे काय असतं. मी सांगायला लागलो, मध्येच मलाही नक्की माहीत नाही असं लक्षात आलं. मागून डिंपलनं दोन वाक्यांत सांगितलं. नाना म्हणाले, असं आहे होय.

या यशात माझ्या मौनाचा वाटा मोठा आहे.

१३ मे

वाईट दिवस. तरी लिहितो.

रुपचंद मामा न कळवता धुळ्याला आले. पोत्यात गुंडाळलेला केळीचा घड घेऊन सरळ कलेक्टर ऑफिसला गेले. नेहेते साहेब कुठे बसतात, विचारलं. तिथल्या माणसानं नीट चौकशी करून सांगितलं की या नावाचे साहेब इथे नाहीत. मामांना वाटलं, बदली झाली. म्हणून ते देवपूरला बोर्डाशी आले. चष्मा लावला. पुष्पगुच्छ नीट वाचला.

मोतीलाल आप्पा त्यांना खोलीवर घेऊन आले. मी झोपलो होतो, दुपारची वेळ. डोळे उघडले तर दारात मामा, खांद्यावर घड.

मी म्हणालो, बसा मामा, मी प्रक्रियेत आहे. ते बसले नाहीत. घड कोपऱ्यात ठेवला, जड होता म्हणून खाली वाकावं लागलं त्यांना. जाताना एवढंच म्हणाले, “बेबाबाईनं पेढे वाटले रे.” बेबाबाई म्हणजे आई. त्यांची बहीण.

१४ मे

नानांचा फोन. घरी ये. बस.

१५ मे

विक्रमची नेमणूक आली. त्याला न्यायला वडील रुपसिंग आणि आई बुधीबाई आले होते. दोघं खोलीच्या बाहेरच बसले, आत या म्हणालो तरी. बुधीबाईंनी मला ओंजळभर चारोळी दिली आणि विचारलं की बाळा, तुझं कधी.

सामान बांधताना विक्रमला म्हणालो की शेवटी बारावीवरच लागलास, तीन वर्षं कॉलेजची फुकट गेली. मला त्याचं सांत्वन करायचं होतं.

तो चादर घडी करत म्हणाला, “फुकट कशी? माझ्या बापाला सगळी झाडं ओळखता येतात. पण फॉरेस्टवाल्यांशी बोलायचं असलं की तो माझ्याकडे बघतो. कॉलेजमुळे मला त्यांच्याशी बोलता येतं.”

नोकरीत पदवी लिहायला जागा होती का, विचारलं. नव्हती म्हणाला. मग हसला.

तो गेल्यावर खोली मोठी दिसते. आता शांततेत भूगोल होईल.

१७ मे, गावी

गल्लीतून घरी येताना लोक दिसले. सगळ्यांना एकदम काही ना काही काम निघालं.

आईनं पाणी दिलं. नाना ओट्यावर होते. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले की सावद्याचं स्थळ अजून थांबलेलं आहे, त्यांना उद्या होकार कळवतो. आई काहीतरी म्हणायला गेली, तर नाना म्हणाले, “एकाले शिकवलं. बोर्डावर लागला. आता दुसरीले काहून?”

डिंपल आत होती. बाहेर आली नाही. कॉलेजात पहिली आलेली मुलगी पीठ मळत होती, आणि ते ती फार जोरात मळत होती.

ठरवलं. उद्या नानांशी बोलायचं. मी चार वर्षं मुलाखतीची तयारी करतोय, एका शेतकऱ्याला पटवू शकणार नाही? मुद्दे काढले: साक्षरता आणि दरडोई उत्पन्न, मानवी विकास निर्देशांक, युरोपातली उदाहरणं.

१८ मे

सकाळी बागेत गेलो. नाना पाण्याचे पाइप बघत होते. मी मुद्दे पाठ केले होते. पहिला मुद्दा मांडला. नानांनी ऐकून घेतलं. दुसरा मांडला. मग त्यांनी हात धुतले आणि बांधावर बसले. म्हणाले, “हे पुस्तकातलं राहू दे. तू खरं सांग. तथी जाऊन तुले काय भेटलं?”

कॉलेजात जाऊन काय मिळालं, हा प्रश्न माझ्या तयारीत नव्हता.

मी मानवी विकास निर्देशांकाकडे परत जायचा प्रयत्न केला, पण तो आठवेना. मग जे तोंडाला आलं ते बोललो. म्हणालो, नाना, पहिल्या वर्षाला एका सरांनी वर्गात मला उभं केलं. एका पुस्तकातलं पान वाचून दाखवलं आणि विचारलं की हे तुला पटतं का. मी म्हणालो, पुस्तकात आहे ना सर. ते म्हणाले, ते मला माहीत आहे, तुला पटतं का. अख्ख्या वर्गासमोर थांबून राहिले. तोवर मला हे कोणी विचारलेलं नव्हतं. शाळेत नाही, घरी नाही. मी शालिग्रामचा पोरगा होतो, सगळीकडे. तिथे मी नुसता मी होतो आणि एक शिकलेला माणूस माझ्या उत्तरासाठी थांबला होता. घाम फुटला. पण त्या दिवशी मला फार भारी वाटलं.

नानांनी विचारलं, मग काय उत्तर दिलं.

मी म्हणालो, नाही पटत, म्हणालो. ते म्हणाले, का ते उद्या सांग. मी रात्रभर विचार केला, दुसऱ्या दिवशी सांगायला गेलो. ते खूश झाले. वाचायला दुसरं पुस्तक दिलं.

“आणि मंग?”

मग ते मी वाचलं नाही, म्हणालो. परीक्षेला नव्हतं. पुढे गाइडं वाचली. एम.ए. गाइडांवर झालं. मग क्लास लावले.

हे शेवटचं बोलायची काही गरज नव्हती. मुद्दा कमजोर झाला. नानांनी पाइपाचा जोड सरळ केला. मग म्हणाले, “डिंपल वाचंल ते दुसरं पुस्तक.”

मी हो म्हणालो. ती वाचेल. तिच्याबाबतीत नाही म्हणता आलं नाही मला.

मुलाखतीसारखं बघितलं तर आज माझी कामगिरी वाईट झाली. निर्देशांक राहून गेला, युरोपही राहिला.

२१ मे

विजय. पूर्ण विजय.

नानांनी सावद्याला नकार कळवला. मध्यस्थ चिडला, नाना चिडले नाहीत. डिंपलला जळगावला पाठवायचं, हॉस्टेलला. आईनं डोळ्याला पदर लावला. डिंपलनं माझ्याकडे बघितलं आणि ‘भाऊ’ एवढंच म्हणाली. मी म्हणालो, आभार मानू नकोस, माझे आकडेवारीचे मुद्दे त्यांना पटले.

मग नाना माझ्याकडे वळले.

म्हणाले, “दोघाले शहरात ठेवनं माह्याकडून होत नही. ती जाईन. तू घरी ये.”

मी विचारलं, किती दिवस. त्यांना प्रश्न कळला नाही बहुतेक. ते पाण्याची पाळी बघायला निघून गेले.

२२ मे

विचार केला. नानांच्या निर्णयाकडे संकुचित दृष्टीनं पाहू नये. उच्च शिक्षणाची बाजू मी इतकी प्रभावीपणे मांडली की त्यासाठी मलाच जागा करून द्यावी लागली. हा वक्तृत्वाचा परिणाम आहे. दुसऱ्या कोणाच्या बोलण्यानं नानांनी असं केलं नसतं.

तरी जेवण गेलं नाही.

९ जून, देवपूर

खोली सोडायला आलो. मोतीलाल आप्पांनी विचारलं, “बठ्ठं सामान काढी लिनं का?” सगळं काढलं म्हणालो. भिंतीवर नकाशाचे चार खिळे राहिले. आप्पा म्हणाले, राहू दे, पुढच्या पोराला उपयोगी पडतील.

चौकात बोर्ड बदललाय. नवा मुलगा आहे, भडगावकडचा असावा. कोट तोच. त्याला बाह्या बरोबर येतात.

योगेंद्र सर दारात उभे होते. ओळख दिली नाही. गडबडीत असतील. ॲडमिशनचा सीझन आहे.

१ जुलै

नाना, मी आणि डिंपल जळगावला गेलो. हॉस्टेलच्या दारात रेक्टरबाईंनी सांगितलं की सामान ठेवायला एकच पुरुष माणूस आत येईल. नाना गेले. मी बाहेर ट्रंकेवर बसलो.

डिंपल परत बाहेर आली तेव्हा मी तिला द्यायचा सल्ला तयार ठेवला होता. वेळेचं नियोजन, नोट्स कशा काढायच्या, संगत कशी निवडायची. बसमध्ये पूर्ण रचना केली होती. तिनं सगळा ऐकून घेतला. हळूच हसत होती. मग विचारलं, “त्या सरांचं नाव काय होतं भाऊ? ते पुस्तक देणारे.”

मी नाव सांगायला गेलो. आठवलं नाही. खूप आठवून पाहिलं. चेहरा आठवतो, हातातलं पुस्तक आठवतं. नाव नाही.

ती म्हणाली, राहू दे. आणि ट्रंकेचं एक कडं तिनं धरलं, एक मी. दारापर्यंत.

७ जुलै, सकाळी

आज डिंपलचा पहिला तास.

घरी राहण्याचे फायदे मी लिहून काढणार होतो. ग्रामीण वास्तवाचा जवळून अभ्यास वगैरे. बसलो होतो लिहायला.

आई चुलीपाशी होती. तिनं विचारलं की तिचा तास सुरू झाला असंल का रे. मी घड्याळात बघितलं. झाला असेल, म्हणालो. आई म्हणाली, कोणत्या बाकावर बसली असंल.

मला माहीत नव्हतं. पुढच्या, म्हणालो.

बाहेरून नानांनी हाक मारली, चल.

गेलो.